मोर्चात चालले, आता निवडणुकीला उभी राहू का?

वाचकांचे प्रश्न, माजी नगरसेविकेची उत्तरं

जानेवारीत पुणे महापालिकेची निवडणूक झाली आणि तेव्हापासून या सदराला येणाऱ्या पत्रांचा सूरच बदललाय. आधी लोक विचारायचे चेंबर तुंबलंय तक्रार कुठे करू, शहरी गरीब योजनेचं कार्ड कसं काढू, आता विचारतायत की मी स्वतःच उभं राहिलो तर? साहजिक आहे. मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली ती थेट जानेवारी २०२६ पर्यंत, जवळजवळ चार वर्षं या शहराला एक नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे, आणि त्या काळात पाण्यासाठी, कचऱ्यासाठी, टेकडीसाठी जी माणसं आपणहून पुढे आली त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांना आता वाटतंय की बाहेरून किती दिवस अर्ज देत बसायचं. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच, वस्तीत वीसेक वर्षं काम केलं, २००७ ला उभी राहिले आणि पडले, २०१२ ला निवडून आले, २०१७ ला परत पडले. खाली जे लिहिलंय ते त्यातूनच आलेलं आहे.

प्रश्न : ताई, मी किरकटवाडीची. आमचं गाव २०२१ ला महापालिकेत घेतलं पण पाणी काही आलं नाही, मग गेल्या वर्षी जानेवारीत सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसची, म्हणजे हातापायातली ताकद जाते त्या नसांच्या आजाराची साथ आली तेव्हा आम्ही सोसायटीतल्या आणि गावातल्या बायकांनी मिळून पाण्याचे नमुने तपासून घ्यायला लावले, टँकरवर नजर ठेवली, क्षेत्रीय कार्यालयावर दोनदा गेलो. आता सगळ्या म्हणतात पुढच्या वेळी तूच उभी राहा. माझं वय ३६, घरी राजकारणाचा काही संबंध नाही. सुरुवात कुठून करू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण २००७ च्या आधी मीही अशीच होते, आणि तेव्हा मला जे कुणी सांगितलं नाही ते तुम्हाला आधी सांगते. मोर्चाला येणारी माणसं वेगळी आणि मतदार यादीतली माणसं वेगळी.

२००७ ला पुण्यात एक सदस्याचा वॉर्ड होता, १४४ वॉर्ड, म्हणजे तसा छोटा, आणि मला खात्री होती कारण आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात मी जेवलेले होते. मोजणीच्या दिवशी आमच्या वस्तीचं मशीन उघडलं आणि आकडा ऐकून माझ्या बाजूला बसलेल्या पोरानं पेन खाली ठेवलं. मला वाटलं लोकांनी दगा दिला. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. मग आमच्यातल्या एका आजीबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, अगं आम्ही कुठून देणार मत, आमचं नाव गावाकडं हाय. त्या बाई माझ्याबरोबर हंडा घेऊन महापालिकेच्या दारात तीन वेळा बसलेल्या, पोलिसांच्या गाडीत चढलेल्या, आणि त्यांचं नाव बीड जिल्ह्यातल्या यादीत. मग मी यादी काढून घरोघर फिरले तर अशी घरंच्या घरं निघाली, कुणाचं गावाला, कुणाचं लग्नाआधीच्या पत्त्यावर, कुणाचं कुठेच नाही. मी हरले ते चारशे-सव्वाचारशे मतांनी, आणि तेवढी माणसं माझ्याच गल्ल्यांमध्ये यादीबाहेर होती.

म्हणून पहिलं काम यादी. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो पण त्याची वेगळी मतदार यादी नसते, विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागाप्रमाणे फोडतात. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे त्या तारखेनंतर कितीही धावपळ केली तरी नाव येत नाही, आणि लोक नेमके निवडणूक जाहीर झाल्यावर जागे होतात. तुम्ही आत्तापासून नमुना ६, म्हणजे नवीन नाव नोंदवायचा अर्ज, भरून घ्यायला लागा, बीएलओ, म्हणजे आपल्या भागाची यादी सांभाळणारे कर्मचारी, कोण आहेत ते शोधा, त्यांच्याशी नीट ओळख ठेवा, बहुतेक वेळा शाळेतल्या शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात आणि त्यांनाही मदत हवीच असते. प्रारूप यादी लागली की हरकतीची मुदत अगदी थोडे दिवस असते, तेव्हा धावायला दहा माणसं तयार पाहिजेत. सून नवीन आली, मुलगी १८ ची झाली, कुणी भाड्यानं राहायला आलं, हे तुम्हाला बीएलओच्या आधी कळतं ना? मग झालं तर.

दुसरं, तुमचा प्रभाग म्हणजे तुमचं गाव नाही. आत्ता चार सदस्यांची पद्धत आहे, एका प्रभागात साधारण ८०-९० हजार लोकसंख्या, मतदार एकाच वेळी चार बटणं दाबतो. आणि ही पद्धतही टिकत नाही, २००२ ला तीनचा प्रभाग होता, २००७ ला एकचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा, आत्ताही चारचाच आणि त्यात एक पाचचा. दर वेळी नकाशा नवा, आरक्षणाची सोडत नवी. निम्म्या जागा बायकांसाठी राखीव असतात पण त्यातली कुठली कुणासाठी हे आधी सांगता येत नाही. तेव्हा आपल्या गल्लीच्या पलीकडे, ओढ्याच्या पलीकडे, हायवेच्या पलीकडे ओळख पाहिजे, आणि ती ओळख फ्लेक्स लावून होत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पैसे घालू नका हे हात जोडून सांगते.

ओळख होते ती वहीनं. दोनशे पानी साधी वही घ्या. आलेली प्रत्येक तक्रार त्यात, तारीख, कुणाची, कुठे दिली, पीएमसी केअरवर, म्हणजे महापालिकेच्या ऑनलाइन तक्रार सेवेवर टाकली असेल तर तिचा नंबर, कुठल्या कनिष्ठ अभियंत्याशी बोलणं झालं, काय म्हणाले, परत कधी फोन करायचा. आणि काम झालं की तक्रार करणाऱ्याला फोन करून सांगायचं, नाही झालं तर नाही झालं म्हणूनही सांगायचं. हे नाही झाल्याचं सांगणं लोक करत नाहीत. माझ्या अशा अकरा वह्या झाल्या आणि २०१२ ला प्रचाराला निघाले तेव्हा हातात पत्रक कमी आणि त्या वह्या जास्त होत्या, एखाद्या जिन्यात उभं राहून नुसतं वाचून दाखवलं की ‘काकू, तुमच्या पावसाळी गटाराचा अर्ज ऑगस्टमध्ये दिला होता, चौथ्या वेळी झालं’ की घरातली माणसं बाहेर यायची.

आणखी एक, दरवर्षी महापालिका नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करते, २००६ पासून पुण्यात हे चालू आहे, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून आपण पदपथ, दिवे, बाक, बसथांबा अशी कामं सुचवू शकतो. तुमच्या गटातल्या पंधरा जणींनी पंधरा वेगवेगळ्या सोसायट्यांसाठी फॉर्म भरा. काही होतील, काही नाही. पण आपल्या भागातली कामं अंदाजपत्रकात कशी जातात आणि कुठे गळतात हे त्या वर्षभरात जेवढं समजेल तेवढं कुठल्या शिबिरात समजायचं नाही.

प्रश्न : नमस्कार. मी एरंडवण्यात राहतो, निवृत्त इंजिनिअर आहे. बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या विरोधात, वेताळ टेकडीसाठी आम्ही बरीच वर्षं लढतोय. आमच्यातल्या तरुण मंडळींचं म्हणणं आहे की पुढच्या वेळी टेकडीचा स्वतःचा उमेदवार उभा करावा, अपक्ष. मला वाटतं राजकारणात गेलो की चळवळ संपते. आपलं मत?

काका, तुमची भीती खरी आहे, मी तिला नाही म्हणणार नाही. पण पुण्याचाच इतिहास बघा ना. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेत होते, तेव्हा निवडणूक नव्हती, सरकारनियुक्त सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागताला हजार रुपये मंजूर करायचा ठराव आला, तेव्हा ते एकटे विरोधात उभे राहिले, म्हणाले हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या. ठराव मंजूरच झाला. पण तो एक विरोध नोंदला गेला आणि आज दीडशे वर्षांनी आपल्याला तोच माहीत आहे. ते आत बसले म्हणून त्यांची चळवळ संपली का? आणि दुसरीकडे डॉ. बाबा आढाव बघा, गेल्या डिसेंबरात आपल्याला सोडून गेले, तेही एके काळी याच महापालिकेत निवडून गेले होते, पण त्यांचं आयुष्य उभं राहिलं ते हमाल पंचायतीत, रस्त्यावर. दोन्ही मार्ग या शहरानं बघितलेत आणि दोन्हींचा मान ठेवलाय.

अपक्ष की पक्ष, यावर मात्र मी स्पष्ट बोलते. चारच्या प्रभागात एकट्या अपक्षाला फार जड जातं. मतदाराला चार बटणं दाबायची असतात, पक्षाचं पॅनेल एक चिन्ह चार वेळा सांगतं, तुमचं चिन्ह अर्ज माघारीनंतर मिळतं आणि मग ते ८०-९० हजारांच्या वस्तीत पोचवायला हातात दोन आठवडेही उरत नाहीत. मृणालताई गोरेंना सगळा महाराष्ट्र पाणीवाली बाई म्हणून ओळखतो, उपनगरातल्या पाण्यासाठी हंडे घेऊन लढल्या, १९६१ ला मुंबई महापालिकेत, १९७२ ला विधानसभेत, १९७७ ला लोकसभेत गेल्या, पण त्या एकट्या नव्हत्या, त्यांच्यामागे समाजवाद्यांची संघटना होती, शाखा होत्या, रात्री स्लिपा लिहिणारी माणसं होती. तुमच्या टेकडीवर रविवारी सकाळी पाचशे माणसं येतात, ती पाच वेगवेगळ्या प्रभागांत राहतात. हे आधी कागदावर मांडा.

पक्षात गेलात तर व्हिप येतो. १९८६ चा कायदा आहे, स्थानिक संस्थांतल्या पक्षांतराचा, पक्षादेश मोडला तर पद जाऊ शकतं. म्हणून तिकीट मागतानाच, एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, हातात पडायच्या आधी, टेकडीबद्दलची भूमिका पक्षाकडून लेखी घ्या, निदान जाहीर सभेत बोलून घ्या. माझ्या बाबतीत एका पक्षानं २००७ ला शेवटच्या रात्री दुसऱ्यालाच एबी फॉर्म दिला आणि मी अपक्ष म्हणून राहिले, २०१२ ला दुसऱ्या पक्षाकडून लढले, आणि निवडून आल्यावर दोन वेळा मी माझ्या पक्षाच्या बैठकीत भांडून भूमिका बदलायला लावली, एका वेळी नाही बदलता आली. ती एक वेळ मला अजून लागते. हे सगळं पेलायची तयारी तुमच्या उमेदवाराची आहे का ते तरुणांना विचारा, आणि असेल तर तुम्ही अडवू नका. निवडून आलेला माणूस विकास आराखड्यावर सभागृहात बोलू शकतो, अंदाजपत्रकात रस्त्यासाठी ठेवलेल्या तरतुदीवर उपसूचना देऊ शकतो, लेखी प्रश्न विचारून प्रशासनाला छापील उत्तर द्यायला लावू शकतो. बाहेर राहिलेल्यांनी बाहेरच राहायचं, कोर्टात, टेकडीवर. आतल्याला बाहेरच्यांचा धाक लागतो, हे मी स्वतःवरून सांगते.

प्रश्न : काकू, ताडीवाला रोडला राहतो. वस्तीच्या पुनर्वसनाच्या आंदोलनात माझ्यावर दोन केस आहेत, जमावबंदी मोडल्याची आणि एक रस्ता अडवल्याची. लोक म्हणतात तुला उभंच राहता येणार नाही. आणि मला मुलं दोन, तिसरं होणार आहे. खरं काय?

बाळा, केस असणं म्हणजे अपात्र नाही. कोर्टानं शिक्षा दिली तर प्रश्न येतो. पण अर्जाबरोबर शपथपत्र असतं त्यात प्रत्येक गुन्हा, कलम, कुठलं पोलीस स्टेशन, कोर्टात काय अवस्था, सगळं लिहायचं, एकही लपवायचा नाही. लपवलेली केस नंतर निघाली तर तीच गळ्याशी येते, आणि मोर्चाची केस लपवण्यासारखी गोष्टही नाही. आत्ताच वकिलाकडून दोन्ही केसचे कागद काढून फाइल करून ठेव, तारखांना जात राहा, वॉरंट निघू देऊ नको.

मुलांचं मात्र लोक खरं सांगतायत. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे दोनपेक्षा जास्त अपत्यं झाली तर आजच्या कायद्यानं महापालिकेची निवडणूक लढवता येत नाही. हा कायदा गरिबांवर आणि बायकांवर जास्त बसतो असं माझं स्पष्ट मत आहे आणि मी ते सभागृहाबाहेर अनेकदा बोललेय. पण मत वेगळं, नियम वेगळा. येणाऱ्या लेकराचं मनापासून स्वागत कर, बायकोची काळजी घे, आणि उभं राहायला तुमच्यातलं दुसरं कुणी तयार कर. तुमच्या आंदोलनातल्या मुलींपैकी कुणी २१ ची झालीये का बघ, वयाची अट तेवढीच आहे. बाकी कागद म्हणशील तर नाव शहराच्या यादीत कुठल्याही प्रभागात असलं तरी चालतं, सूचक आणि अनुमोदक मात्र त्याच प्रभागातले लागतात, महापालिकेची थकबाकी नसावी, महापालिकेच्या कुठल्या ठेक्यात आपला हिस्सा नसावा. आणि राखीव जागेवरून लढणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचं काम आजच सुरू करा, निवडून येऊन ते मुदतीत दिलं नाही म्हणून पद गेलेली माणसं मी पाहिलीत.

प्रश्न : खरं सांगा, खर्च किती येतो? (एक वाचक, वारजे)

खर्चाला आयोगाची मर्यादा असते. त्यासाठी वेगळं बँक खातं काढायचं, रोजचा हिशोब द्यायचा, निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशोब द्यायचा, नाही दिला तर पुढची निवडणूकच लढवता येत नाही अशी वेळ येऊ शकते. मर्यादेच्या बाहेर काय चालतं ते तुम्हीही बघता, मीही बघितलंय, पाकिटं, सहली, सोसायटीला रंग. मी ते केलं नाही. माझा खर्च पत्रकं, रिक्षावरचा भोंगा, कार्यकर्त्यांचा चहा-वडापाव आणि बूथच्या टेबलांचा, आणि तो पैसा वस्तीतून वर्गणीनं आला, घरकाम करणाऱ्या बायकांनी पन्नास-पन्नास रुपये दिले आणि मी प्रत्येकीला पावती दिली. ज्यानं पन्नास रुपये दिलेत तो मतदानाच्या दिवशी शेजाऱ्यालाही घेऊन येतो. तरी पैशासमोर पैसा नसल्यामुळे २०१७ ला मी कमी पडले हेही खरं, चारचा प्रभाग माझ्या पायांना पुरला नाही.

पगार म्हणाल तर नगरसेवकाला पगार नसतो, मानधन असतं, २०१७ ला सरकारनं पुण्यासाठी महिन्याला २० हजार ठरवलं होतं. नोकरी सोडून यायचं असेल तर घर कशावर चालणार हे घरच्यांशी आधी बोला. माझ्या घरी शिलाई मशीन होतं आणि नवरा रिक्षा चालवायचा म्हणून निभावलं.

प्रश्न : ताई, नाव छापू नका. मी जानेवारीत निवडून आले. दहा वर्षं बचत गट आणि रेशनच्या प्रश्नावर काम केलं. आता माझे जुने सहकारी म्हणतात तू बदललीस, फोन उचलत नाहीस, आणि घरी नवराच सगळे फोन घेतो, अधिकारीही त्यांच्याशीच बोलतात. मला सभागृहात काही कळत नाही, बोलायला उठते तर पाय थरथरतात. मी चुकीच्या ठिकाणी आलेय का?

नाही गं. बाई, तू अगदी बरोबर ठिकाणी आलीयेस.

आधी फोनचं. नंबर तुझ्या हातात घे, आजच. नवऱ्याशी भांडून नको, शांतपणे सांग की लोकांनी मत तुला दिलंय आणि उद्या काही चुकलं तर सही तुझी असणार आहे, त्यांची नाही. अधिकारी त्यांच्याशी बोलले तर म्हणायचं, साहेब मी इथे आहे. दोनदा म्हणावं लागेल, दहादा म्हणावं लागेल. त्यांना काम करायचं असेल तर वही सांभाळू दे, माझ्या मिस्टरांनी पाच वर्षं तेच केलं आणि त्याचा मला फार आधार होता. बैठकीला खुर्चीवर मात्र तूच बसायचं.

सभागृहाचं. कार्यपत्रिका आली की रात्री पूर्ण वाच, कळलं नाही तरी वाच, पेन्सिलनं खुणा कर. महापालिकेत नगरसचिव कार्यालय आहे तिथे जाऊन विचारायला लाजू नको, जुने शिपाई आणि क्लार्क जेवढं शिकवतात तेवढं कुणी शिकवत नाही. पहिल्या सहा महिन्यांत मी एकच गोष्ट केली, लेखी प्रश्न. बोलायला जमत नव्हतं म्हणून लिहून विचारायचे, आमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत सार्वजनिक शौचालयं किती, त्यातली पाणी असलेली किती, दुरुस्तीचं टेंडर कुणाला. उत्तर छापून आलं की ते घेऊन त्या शौचालयासमोर उभी राहायचे. एक दिवस उत्तरात लिहिलं होतं की पाणी चोवीस तास आहे, आणि मी तिथून निघून थेट सभेला गेले आणि त्या दिवशी पहिल्यांदा माइकवर बोलले. पाय थरथरले. बोलले.

आता सहकारी म्हणतात तू बदललीस, त्याचं खोल उत्तर देते कारण यानं मलाही रडवलंय. आपण चळवळीत असतो तेव्हा एका बाजूला असतो. आमच्या वस्तीला पाणी द्या. बस. निवडून आलं की दोन्ही बाजू आपल्या होतात. आमची वस्ती चढावर, खाली दोन सोसायट्या. मी आमदार-अधिकाऱ्यांपुढे कित्येक वर्षं ओरडले की वस्तीला प्रेशर द्या, आणि नगरसेविका झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात इंजिनिअरनं नकाशा पसरून दाखवलं की लाइन एकच आहे, वस्तीच्या वॉल्व्हला फेरे वाढवले की सोसायटीच्या टाकीत पाणी पडत नाही, तिथे तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी म्हातारी माणसं आहेत. मग मी पहाटे साडेचारला वॉल्व्हपाशी दोन्हीकडच्या लोकांना बोलावलं. वस्तीतल्या सहा बायका, सोसायटीचे सेक्रेटरी स्वेटर-कानटोपीत, आणि चावीवाले मामा. मामांनी लोखंडी चावी खाली चेंबरमध्ये सोडली, फिरवायला लागले आणि आम्ही सगळे मोठ्यानं फेरे मोजत होतो. आठ फेऱ्यांना वस्तीत धो धो, खाली ठणठणाट. सहा फेऱ्यांना खाली पाणी, वर करंगळीएवढी धार. साडेसहा फेऱ्यांवर येऊन थांबलो आणि तिथे ठरलं की सकाळी एवढंच, आणि संध्याकाळी वस्तीला वेगळा अर्धा तास. वस्तीतल्या माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीनं त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं, म्हणाली तू सोसायटीवाल्यांची झालीस. वर्षभर बोलली नाही. नवीन लाइन टाकायला मला अडीच वर्षं लागली, अंदाजपत्रकात तरतूद, मग टेंडर, मग रस्ता खोदायची परवानगी, आणि ज्या दिवशी ती सुरू झाली त्या दिवशी नळाला पहिली कळशी तिनंच लावली.

म्हणून सहकाऱ्यांपासून लपू नको. महिन्यातून एकदा, वार ठरवून, जुन्या जागी बस. तुमचा बचत गट जिथे बसायचा तिथेच, ऑफिसात नको. तिथे त्यांना शिव्या देऊ देत, आणि तू कुठल्या कामाला नाही म्हणालीस आणि का, ते सांग. आणि ‘स’ यादीच्या, म्हणजे प्रभागातल्या कामांसाठी नगरसेवकाला मिळणाऱ्या पैशाचा हिशोब तिथे वाचून दाखव. तुझ्यावर दबाव येईल की बाकडी बसव, बकेटा वाट, ज्यूटच्या पिशव्या वाट, नावाची कमान कर, कारण ते दिसतं. चेंबरच्या खालची ड्रेनेज लाइन दिसत नाही. मी पहिल्या वर्षी बाकडी बसवली, अजून त्यांच्यावर माझं नाव आहे आणि मला तिथून जाताना वाईट वाटतं, कारण त्याच पैशात त्या गल्लीतली पावसाळी लाइन झाली असती आणि पुढच्याच जुलैत तिथे तीन घरांत पाणी शिरलं.

प्रश्न : मॅडम, मी २७ वर्षांचा, येरवड्यातून अपक्ष लढलो आणि पडलो. कचरावेचकांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. निकालानंतर अभ्यासिकेला जायचीही लाज वाटते. तिथल्या बोळातला दिवा चार महिने बंद आहे, तोही मी आता कोणत्या तोंडानं सांगू, मला तर लोकांनी नाकारलं.

अरे, अभ्यासिकेला आजच जा. पोरं वाट बघत असतील, त्यांना तुझ्या मतांचा आकडा माहीतही नाही. तू ज्यांच्या मुलांना शिकवतोस त्यांचंच बघ, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ ला उभी राहिली आणि त्यांच्याच ‘स्वच्छ’ या संस्थेचा महापालिकेशी करार झाला २००८ ला, पंधरा वर्षं त्या बायका ओळखपत्र मागत, कचऱ्यावरचा हक्क मागत फिरल्या. त्यातली कुणी नगरसेविका नव्हती.

मी २००७ ला पडल्यावर काय केलं ते सांगते, मतदान केंद्राप्रमाणे आकडे काढले. तेही मिळतात, काढ. कुठल्या केंद्रावर तुला पन्नास मतं पडली आणि कुठे पाच, ते नकाशावर मांड. जिथे पाच पडली तिथे तू कधी गेला होतास का हे स्वतःला विचार. हिशोब द्यायची ३० दिवसांची मुदत तू पाळलीस ना, ती पोचपावती आयुष्यभर जपून ठेव.

आणि दिव्याचं, त्याला तोंड कशाला लागतं, दिव्याच्या खांबाचा नंबर लागतो. खांबावर रंगवलेला असतो तो लिहून घे, पीएमसी केअरवर टाक, त्याच अर्जाची प्रत क्षेत्रीय कार्यालयात विद्युत विभागाला दे आणि पोच घे. आठवड्यात नाही झालं तर सोमवारी दुपारी तीन ते पाच महापालिकेत नागरिकांना फायली बघता येतात, तिथे जाऊन त्या भागातल्या दिव्यांच्या देखभालीचं टेंडर कुणाकडे आहे आणि किती दिवसांत दिवा बदलायचं बंधन आहे ते बघ. त्या भागातून जे चार जण निवडून आलेत त्यांनाही एक एक प्रत नेऊन दे, हात जोडून, ज्यानं तुला पाडलं त्यालाही. चार महिने अंधार आहे म्हणतोस, मुली त्या बोळातून अभ्यासिकेला येत असतील. पुढच्या अंकाच्या आत दिवा लागला का ते मला कळव.